शिंपला आणि हौद

१८ जुलै २०२३ रोजी पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरील नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. तेव्हापासून या इमारतीची जी छायाचित्रे आपण पाहतो ती बहुतेक सगळी आकाशातून घेतलेली आहेत. याला कारण आहे. इमारतीचा आराखडा शिंपल्यासारखा आहे, आणि हा शिंपला पुरता दिसतो तो वरूनच. खाली, सामान ओढत दाराशी येणाऱ्या माणसाला दिसते एक मोठे वळणदार छत. तो शिंपला आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

एका इमारतीची समीक्षा आम्ही या पानांवर का करतो आहोत, हे आधी सांगायला हवे. महाराष्ट्रातून अंदमानला शाळा-महाविद्यालयांच्या सहली जातात, शिक्षकांच्याही जातात. सेल्युलर जेल, प्रवाळ, समुद्रकिनारे यांवर मुले परतल्यावर निबंध लिहितात. विमानतळावर मात्र एकच वाक्य येते: ‘विमानतळ शिंपल्यासारखा आहे.’ आमची तक्रार मुलांबद्दल नाही. इमारत त्यांना जे सांगते तेच ती लिहितात. पण मुख्य भूमीपासून तेराशे-चौदाशे कि.मी. दूर, समुद्राने वेढलेल्या, विषुववृत्तापासून अवघ्या साडेअकरा अंशांवरच्या गावाला विमानाने जोडणे यात भूगोल, भौतिकी आणि साधे अंकगणित इतके ठासून भरले आहे की, शिंपल्यावर थांबणे हे नुकसानच म्हणायचे.

प्रथम इमारतीला तिचे श्रेय देऊ. सुमारे ७१० कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या इमारतीचे क्षेत्रफळ सुमारे ४०,८०० चौरस मीटर आहे. छत उष्णतारोधक थराचे, दुहेरी आहे. त्यातील झरोक्यांतून दिवसभर उजेड आत यावा अशी योजना आहे. तावदाने उष्णता कमी आत सोडणारी आहेत. ५०० किलोवॅटचे सौर ऊर्जा केंद्र आहे. सांडपाणी जागेवरच शुद्ध करून ते बागेला घालण्याची सोय आहे, आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली हौद आहे. जेथे वीज मुख्यतः बोटीने आणलेल्या डिझेलवर तयार करावी लागते, तेथे यातील प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक केलेली आहे असे आम्हांला वाटते. या हौदाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता शिंपला. खरा शिंपला पाहा. जाडी दोन-तीन मिलिमीटरची, तरी पायाखाली सहज मोडत नाही. वहीचा एक कागद दोन पुस्तकांच्या मध्ये आडवा ठेवा, तो आपल्याच वजनाने मध्ये लोंबतो. तोच कागद कमानीसारखा वाकवून पुस्तकांमध्ये अडकवा, आता तो वर ठेवलेले खडू पेलतो. कागद तोच; वक्रतेमुळे भार पृष्ठभागावरूनच दाबाच्या रूपाने कडांकडे जातो. शिंपल्याची ताकद त्याच्या आकारात असते. काँक्रीटचे असे पातळ कवच उभारून मेक्सिकोत फेलिक्स कांदेलाने विसाव्या शतकाच्या मध्यावर छते बांधली. पोर्ट ब्लेअरच्या इमारतीत छताचा भार पोलादी सांगाड्यावर आहे. वक्रता छताला रूप देते, भार पेलण्याचे काम सांगाडा करतो. यात गैर काही नाही, जगातील पुष्कळ विमानतळ असेच आहेत. मात्र ‘निसर्गापासून प्रेरणा’ हे शब्द जेव्हा वापरले जातात, तेव्हा प्रेरणा कशाची घेतली, रूपाची की युक्तीची, हे विद्यार्थ्यांना विचारायला शिकवावे. (उद्‌घाटनाला आठवडा होण्याआधीच वादळी वाऱ्यात प्रवेशद्वाराबाहेरच्या शोभेच्या छताचा काही भाग निखळला. कॅमेरे बसवण्याच्या कामासाठी तो सैल केलेला होता, असा खुलासा तेव्हा झाला. त्यावरून इमारतीची परीक्षा करू नये. पण वारा इथला मोठा परीक्षक आहे, एवढे त्यातून कळते.)

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. जुन्या इमारतीत दिवसाला ४,००० प्रवाशांची सोय होती, नवीत ती ११,००० झाली, असे उद्‌घाटनाच्या वेळी सांगण्यात आले. वार्षिक क्षमता ५० लाख प्रवासी अशीही जाहीर झाली. ११,००० ला ३६५ ने गुणून पाहा. उत्तर सुमारे ४० लाख येते. हा फरक कोठून आला असेल, हा सातवीच्या वर्गाला देण्याजोगा प्रश्न आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, क्षमता कोणाची? खोलीची की विमानतळाची? नरसाळ्याचे वरचे तोंड रुंद केले तरी तेल खालच्या नळीतून जाईल तेवढेच जाते. विमानतळाची नळी कोठे आहे हे पाहायचे तर इमारतीकडे पाठ करून धावपट्टीकडे पाहायला हवे.

धावपट्टी एकच आहे, सुमारे ३,२९० मीटर लांब. तिच्या एका टोकाचा क्रमांक ०४ आणि दुसऱ्याचा २२. हे आकडे चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या दिशेचे आहेत. शेवटचे शून्य गाळलेले असते. ०४ म्हणजे ४० अंश, साधारण ईशान्य. २२ म्हणजे २२० अंश, साधारण नैर्ऋत्य. दोहोंत फरक १८ चा, म्हणजे १८० अंशांचा. जगातल्या कोणत्याही धावपट्टीचे दोन आकडे वजा करा, १८ च येतील. आता अडचण अशी की, ईशान्येच्या अंगाला टेकडी आहे. त्यामुळे विमाने साधारणपणे नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येऊन उतरतात, आणि उडताना तोंड फिरवून पुन्हा नैर्ऋत्येकडेच उडतात. एकाच दाराने आत यायचे आणि त्याच दाराने बाहेर पडायचे. उतरणारे आणि उडणारे विमान समोरासमोर असल्याने दोहोंमध्ये अंतरही जास्त ठेवावे लागते. शिवाय पट्टीवर नौदलाचाही वावर आहे. आय.एन.एस. उत्क्रोश हा नौदलाचा हवाई तळ १९८५ पासून येथे आहे.

विमान नेहमी वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते, हे आपण शिकवतो. का, ते आकड्यांत पाहू. मध्यम आकाराच्या जेट विमानाचा उतरतानाचा वेग हवेच्या संदर्भात ताशी २६० कि.मी. धरा. समोरून ताशी १८ कि.मी.चा वारा असेल तर जमिनीच्या संदर्भात वेग २४२ होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर २७८. फरक फार वाटत नाही. पण थांबवायची असते ती गतिज ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २७८ चा वर्ग भागिले २४२ चा वर्ग: १.३२. म्हणजे ब्रेकना जवळजवळ एक-तृतीयांश जास्त ऊर्जा जिरवावी लागते, तीही पावसाने ओल्या झालेल्या पट्टीवर. म्हणूनच पाठवाऱ्याला मर्यादा असते. पुष्कळ विमानांना ती १० नॉट, म्हणजे ताशी साधारण १८ कि.मी. इतकीच असते. आणि अंदमानात जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा कोणत्या दिशेकडून येतो? नैर्ऋत्येकडून. ज्या दिशेने विमानाला उतरायला हवे, बरोबर त्याच दिशेकडून.

इथेच ही गोष्ट संपत नाही. मोसमी पावसाच्या दिवसांत जमिनीलगतचा वारा नैर्ऋत्येचा असला, तरी दहा-बारा कि.मी.वर गेल्यावर तो उलटा होतो आणि पूर्वेकडून वाहू लागतो. आणखी वर, चौदा-पंधरा कि.मी.च्या आसपास, त्याचा जोरदार झोत असतो. उष्ण कटिबंधातील या पूर्वी झोताचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. हा झोत दक्षिण भारतावरून, चेन्नईच्या अक्षांशाजवळून जातो. पोर्ट ब्लेअर चेन्नईच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे. तेव्हा पावसाळ्यात चेन्नईहून निघालेल्या विमानाला वर, प्रवासात, वारा समोरून लागतो आणि खाली, उतरताना, पाठीमागून. दोन्ही वेळा नको त्या बाजूने! परतताना उलट: उडताना वारा समोरून, प्रवासात पाठीमागून, दोन्ही सोयीचे. एकाच मार्गावर जाणे आणि येणे इतके वेगळे असल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही.

वर्गात करण्यासाठी एक हिशेब. अंतर १,३७० कि.मी. धरा, वारा नसताना विमानाचा वेग ताशी ८०० आणि वर समोरचा वारा ताशी ८०. जाताना वेग ७२०, येताना ८८०. बहुतेक मुले म्हणतील, जाताना जे गेले ते येताना भरून निघाले. मोजून पाहू द्या: वारा नसता तर जाण्यायेण्याला मिळून ३ तास २५ मिनिटे, वाऱ्यासह ३ तास २७ मिनिटांहून थोडी अधिक. संथ वेगाने आपण जास्त वेळ चालतो, म्हणून तूट भरून निघत नाही. पुढचा प्रश्न वैमानिकाचा आहे. वाटेत काही बिघडले तर पुढे जावे की मागे फिरावे? दोन्हीकडे पोचायला सारखाच वेळ लागेल असा बिंदू कोणता? निम्म्यावर, म्हणजे ६८५ कि.मी.वर, असे पटकन वाटते. प्रत्यक्षात तो चेन्नईपासून सुमारे ७५३ कि.मी.वर येतो, कारण मागे फिरणे सोपे आहे. तो बिंदू ओलांडल्यावर खाली सर्व बाजूंनी पाणीच असते.

आणि पोचल्यावर उतरता आले नाही तर? पुण्यावर ढग असतील तर विमान मुंबईला उतरवता येते. पोर्ट ब्लेअरजवळ प्रवासी जेटला जाता येईल असा दुसरा नागरी विमानतळ नाही. म्हणून परत मुख्य भूमीवर येण्याइतके इंधन निघतानाच घ्यावे लागते, वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतके अधिक. हे जादा इंधन काही टनांचे असते, आणि त्यातले थोडे ते वाहून नेण्यातच जळते. सुखरूप पोचल्यास ते पोटात घेऊनच उतरायचे, म्हणजे वजन जास्त, म्हणजे ऊर्जा पुन्हा जास्त. पाठवारा, ओली पट्टी आणि परतीचे इंधन ही तिन्ही एकाच वेळी एकाच चाकांवर येतात. विमान पोर्ट ब्लेअरवर घिरट्या घालून चेन्नईला किंवा कोलकात्याला परतले, अशी बातमी अधूनमधून येते. तिची संभावना आपण ‘हवामान खराब’ अशा दोन शब्दांत करतो. वाट पाहणाऱ्यांत मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात पाठवायचा रुग्णही असू शकतो. बोटीने तोच प्रवास अडीच-तीन दिवसांचा आहे.

घड्याळाचे थोडक्यात सांगतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. पोर्ट ब्लेअर ९२.७ वर. दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने तेथे सूर्य घड्याळाच्या ४१ मिनिटे पुढे असतो. मुंबईच्या मानाने तर सुमारे ७९ मिनिटे. जूनमध्ये पाचच्या आत उजाडते आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचला अंधार पडतो. झरोक्यांतून बारा तास उजेड, हे खरे. पण तो आपल्या घड्याळाच्या बारा तासांशी जुळत नाही. टेकडी आणि समुद्र यांमध्ये उतरायचे असेल तर उजेडाला किंमत असते.

नावाबद्दल लिहावे की नाही याचा आम्ही विचार केला. २००२ मध्ये या विमानतळाला सावरकरांचे नाव दिले गेले. शहराचे नाव केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम असे बदलले. विमानाच्या तिकिटावरची तीन अक्षरे मात्र आयएक्सझेड हीच राहिली. १९११ मध्ये सावरकरांना मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने ज्या समुद्रावरून नेले त्यावरून आज दोन तासांत जाता येते, ही तुलना मराठी शिक्षक करतोच, आणि ती करावी. पण धावपट्टीचीही एक गोष्ट आहे. १९४२ ते १९४५ या काळात बेटे जपानच्या ताब्यात होती. तेव्हा लंबालाइन येथे, म्हणजे याच जागी, जपान्यांनी धावपट्टी करवून घेतली, ती स्थानिक लोकांना सक्तीने राबवून. २९ डिसेंबर १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस त्याच पट्टीवर उतरले. माती वाहणाऱ्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. सहलीत सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस ठेवणाऱ्या शिक्षकाने त्यांच्यासाठी पाच मिनिटे काढावीत, विमानाची वाट पाहतानाही ती काढता येतील.

आता पुन्हा नरसाळ्याकडे. समजा टेकडी, वारा, अंधार या सगळ्यांवर मात झाली आणि खरोखरच ५० लाख प्रवासी होऊ लागले. या आकड्यात येणारे आणि जाणारे दोन्ही मोजलेले असतात. म्हणजे येणारे २५ लाख, दिवसाला ६,८०० च्या वर. त्यांतून परतणारे रहिवासी वगळून पाहुणे ५,००० धरू. प्रत्येक पाहुणा पाच दिवस राहिला, तर कोणत्याही दिवशी बेटांवर किती पाहुणे असतील? पुष्कळ जण ५,००० म्हणतील. बरोबर उत्तर २५,०००. रोज येणारे गुणिले राहण्याचे दिवस. दवाखान्यातल्या खाटा, ग्रंथालयातून बाहेर गेलेली पुस्तके, सगळीकडे हाच नियम चालतो. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण द्वीपसमूहाची लोकसंख्या ३,८०,५८१ होती. शहराची एक लाखाच्या आसपास. त्या शहरात आणि शेजारच्या दोन-तीन बेटांवर मुख्यतः हे २५,००० लोक राहणार. माणशी १५० लिटर पाणी धरले (हॉटेलांचा वापर याहून बराच जास्त असतो) तर रोज साडेसदतीस लाख लिटर.

हे पाणी कोठून येणार? शहराची भिस्त धनीखारी धरणावर आहे. पाऊस वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पडतो, म्हणजे कोकणासारखा. आणि कोकणासारखाच तो पडून समुद्रात वाहून जातो. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पाऊस नगण्य असतो. पर्यटकांच्या गर्दीचे दिवस मुख्यतः तेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शिक्षकांना यापुढचे काही समजावून सांगायला नको.

इमारतीखालचा हौद येथे महत्त्वाचा ठरतो. समजा छताचे आडवे क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर आहे. त्यावर वर्षभरात ३ मीटर पाऊस पडला तर ६०,००० घनमीटर, म्हणजे ६ कोटी लिटर पाणी. रोजच्या हिशेबाने सुमारे १ लाख ६४ हजार लिटर. साडेसदतीस लाखांचा हा तेविसावा हिस्सा झाला, आणि तोही एक थेंब वाया न घालवता, हौद वर्षभराचा पाऊस सामावेल इतका मोठा असला तर. छत कितीही ऐटदार असले तरी ते आपल्या पाहुण्यांची तहान भागवू शकत नाही. मात्र शहरातले प्रत्येक छत असे पाणी धरू लागले, तर किती छते लागतील, हे मुलांना काढता येईल.

म्हणून आमच्या मते या वास्तूतील सर्वांत महत्त्वाची रचना जमिनीखाली आहे आणि ती कोणालाही दिसत नाही. शिंपल्याची चित्रे पुरेशी झाली. प्रतीक्षागृहात एखाद्या खांबाला मोजपट्टी लावलेली काचेची उभी नळी बसवून ती हौदाच्या पातळीशी जोडावी, नळी तितकी खोल नेता येत नसेल तर पातळी दाखवणारी एक सुई बसवावी. शेजारी एका फळ्यावर त्या दिवशीचा वारा कोणत्या दिशेचा, किती वेगाचा, आणि आज किती विमाने परत फिरली हे खडूने लिहावे. खर्च नगण्य आहे. ऑक्टोबरात जाणारी सहल नळीतली पातळी लिहून आणील, मार्चमध्ये जाणारी दुसरी आणील, आणि दोन्ही आकडे एकाच वर्गाच्या भिंतीवर लावता येतील.